चौथऱ्यामागचा डबा

"साप असला तर?" मी विचारलं.

"असला तर त्याचाही ठसा घेऊ," जबीन म्हणाली आणि उंबराच्या ढोलीत तिनं खांद्यापर्यंत हात घातला.

छत्री उघडली काय आणि मिटली काय, फरक पडू नये असा पाऊस होता. अजिंक्यतारा सकाळपासून ढगात बुडालेला. साताऱ्यातल्या त्या बागेत एरवी कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं, भेळवाला, सगळे असायचे. त्या दिवशी आम्ही दोघी आणि बाकड्याखाली अंग चोरून बसलेलं एक कुत्रं.

जबीननं हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा चिखल.

"ढोलीत पाणी भरलंय. इथं डबा ठेवला तर उद्या तरंगत बाहेर येईल."

"मग घरी जाऊ. परवा येऊ."

"परवा तू असशील का? आज तुला पसंत केलं की परवा तू कराडात."

"एवढ्यात कोण नेतंय मला!" मी म्हटलं.

त्या संध्याकाळी कराडहून पाहुणे यायचे होते, मला बघायला. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट होता. आईनं सकाळीच मोरपंखी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती आणि तीन वेळा बजावलं होतं, "चारच्या आत घरात पाहिजेस, हर्षदा." मी हो म्हटलं होतं. मी तेव्हा सगळ्यालाच हो म्हणायचे. चित्रकला शिक्षकाचा कोर्स करते म्हटल्यावर आई म्हणाली, लग्न ठरेपर्यंत कर. मी हो म्हटलं. मुलगा बघायचा का, हो. हुंडा नको म्हणतायत, पण लग्न थाटात पाहिजे म्हणतायत. हो.

जबीन मुलाणी माझ्याच वर्गात. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. वर्गात छापायच्या लिनोवर सगळ्यात सुबक कोरकाम तिचं, आणि सगळ्यात मोठा आवाजही तिचाच. हा खेळ तिनंच आणला होता. वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात तिनं वाचलं की तिकडं लोक लेटरबॉक्सिंग नावाचा खेळ खेळतात. एका डब्यात स्वतःच्या हातानं कोरलेला रबरी ठसा, शाईचं पॅड आणि कोरी वही घालायची. डबा बागेत नाहीतर डोंगरात लपवायचा आणि जागेचं कोडं करून लोकांना सांगायचं. ज्याला सापडेल त्यानं आतला ठसा आपल्या वहीत उमटवून घ्यायचा, आपला ठसा तिथल्या वहीत उमटवायचा, आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. बक्षीस काही नाही. लिनो कोरायची हत्यारं आमच्याकडे होतीच. आम्ही मोठाली खोडरबरं कोरायला लागलो आणि बघता बघता कॉलेजातली सातआठ पोरंपोरी या नादाला लागली. कोडं कॉलेजच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहायचं, एवढाच आमचा कारभार.

"ती जागा बघ," जबीन म्हणाली.

बागेच्या मधोमध झेंड्याचा चौथरा होता. मागच्या बाजूचा एक दगड कित्येक वर्षं सैल होता, हे आम्हाला ठाऊक होतं. वर पुढे आलेली लादी असल्यामुळे तिथं पाऊसही पोचत नव्हता. आम्ही दोघींनी मिळून दगड ओढला. आत डब्याच्या मापाचं कोरडं भोक.

"कोडं सुचलं," जबीन हात झटकत म्हणाली. "वर्षातून तीनदा माझ्यापुढं नारळ फोडतात, एरवी माझ्या सावलीत कुत्री झोपतात."

मी खळखळून हसले. तिनं पिशवीतून डबा काढला. पाणी जाऊ नये म्हणून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वरून लाल चिकटपट्टीचे वेढेच वेढे. डबा आत सरकवला, दगड बसवला. चौथऱ्याला नुकताच चुना फासलेला होता, तो दोघींच्याही हाताला लागला.

चुना ताजा का होता, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. दोन दिवसांवर पंधरा ऑगस्ट होता. त्या वर्षी मोठ्या शहरांत स्फोट झाले होते आणि एसटी स्टँडवर तासातासाला भोंगा ओरडत होता: बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि आम्ही दोघी भर पावसात, रिकाम्या बागेत, झेंड्याच्या चौथऱ्यात काळं पुडकं कोंबत होतो.

शिट्टी वाजली. बागेचा राखणदार शेलार डोक्यावर पोतं घेऊन गुलमोहराखाली उभा होता. आमच्याकडे येण्याऐवजी तो उलटा गेटाकडे पळत सुटला.

"हा का पळतोय?" मी विचारलं.

जबीननं चौथऱ्याकडे पाहिलं, मग वरच्या मोकळ्या खांबाकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"हर्षू," ती म्हणाली, "आपण गाढव आहोत."

गेटाजवळ पोलीस चौकी होती, आम्हाला तिथंच नेलं. एक टेबल, एक फोन, दोन खुर्च्या, कोपऱ्यात ओल्या काठ्या. टेबलामागच्या खुर्चीत एक तरुण फौजदार, खिलारे. अंगावरची वर्दी अजून कडक, म्हणजे नवाच. हवालदार निकम मात्र पिकलेल्या मिशांचे. शेलारनं सांगितलेलं ऐकून त्यांनी आधी बाग रिकामी करवली, कुत्र्यासकट. गेटाला साखळी लावली. मग आमच्याकडे मोर्चा वळला.

"नाव?" फौजदारानं मला विचारलं.

"हर्षदा जंगम."

"कुठं राहता तुम्ही?"

मी पत्ता सांगितला. त्यानं तो लिहून घेतला. "बसा मॅडम. आणि तुमचं?"

"जबीन मुलाणी."

पेन थांबलं. त्यानं मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पुढचा प्रश्न आला, "कुठं राहतेस तू? बाप काय करतो?"

मी खुर्चीत टेकले होते, पण लगेच उठले. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. खुर्ची गरम लागली एवढंच. आता त्या खुर्चीत कुणीच नव्हतं.

जबीननं पत्ता सांगितला, वडिलांचं नाव आणि खातं सांगितलं. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, एक विनंती आहे. हिला 'तुम्ही' म्हणालात. आम्ही एका वर्गातल्या, एका वयाच्या. मलाही तेच चालेल."

हवालदार निकमांना एकदम खोकला आला.

"इथं प्रश्न मी विचारतो," फौजदार म्हणाला. कान मात्र लाल झाले. आणि गंमत अशी की त्यानंतर त्यानं एकही वाक्य सरळ टाकलं नाही. तू म्हणायला त्याची जीभ वळेना आणि तुम्ही म्हणायला मन तयार होईना. "शिक्षण कुठं चालू आहे?" "हे पुडकं कशासाठी ठेवण्यात आलं?" "आत काय असल्याचं सांगणं आहे?"

जबीननं सगळा खेळ सांगितला. ठसा, शाई, वही, कोडं.

"कोडं कसलं?"

तिनं म्हणून दाखवलं. "वर्षातून तीनदा माझ्यापुढं नारळ फोडतात, एरवी माझ्या सावलीत कुत्री झोपतात."

फौजदारानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. खाली रेघ मारली. "ही सांकेतिक भाषा कुणी शिकवली?"

"झेंड्याचा चौथरा, साहेब," निकम हळूच म्हणाले. "सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट. कुत्री तर मी रोज हाकलतो."

"निकम!"

"नाही, सुटतंय म्हणून सांगितलं."

त्यानं वरिष्ठांना फोन लावला. बॉम्बशोधक पथक पुण्याहून यायचं होतं आणि घाटात दरड कोसळून वाहतूक अडकली होती. रात्र होईल, असं उत्तर आलं. तोवर कुणी जवळ जायचं नाही. फोन ठेवून फौजदारानं कपाळ पुसलं. बाहेर गेटाशी छत्र्या जमायला लागल्या होत्या. "दोन बायका धरल्या," "एक पळाली म्हणे," असली वाक्यं पावसातूनही ऐकू येत होती.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्ही निघा. तुमचा पत्ता आहे माझ्याकडे. उद्या सकाळी वडिलांना घेऊन सही करायला या. आज घरी काही कार्यक्रम असेल तर..."

माझ्या हातावरची मेंदी त्यानं पाहिली असावी. आईनंच आदल्या दिवशी लावायला लावली होती.

"आणि ही?" मी विचारलं.

"यांना थांबावं लागेल."

घाईत त्याच्या तोंडून 'यांना' निघून गेलं होतं, पण त्याचा आनंद मानायला वेळ नव्हता.

"जा, हर्षू," जबीन म्हणाली. "खरंच जा. पाहुणे यायची वेळ झाली. अब्बा येतील मला न्यायला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. दारापर्यंतची वाट मोकळी होती. मी फौजदाराला म्हटलं, "मला एक फोन करायचाय."

त्यानं फोन पुढे सरकवला. आईनंच उचलला.

"कुठं आहेस तू? गाडी दारात थांबलीय, पाहुणे उतरतायत!"

"पोलीस चौकीत आहे. बागेजवळच्या. मला काही झालेलं नाही. जबीन आणि मी आमचा डबा लपवत होतो, लोकांना दुसरंच काही वाटलं. तिला सोडेपर्यंत मी येणार नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज, माझ्या वडिलांचं, अण्णांचं "या, या" आणि आईचा श्वास.

"हर्षदा, तू काय बोलतेयस ते कळतंय का तुला?"

"कळतंय."

तिनं फोन ठेवला. मीही ठेवला. एवढं सरळ 'नाही' मी तिला जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

जबीन माझ्याकडे बघत राहिली. मग वळून फौजदाराला म्हणाली, "साहेब, डबा मी काढते."

"कुणी जवळ जायचं नाही."

"आत काय आहे ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. म्हणून तुम्ही लांब उभे राहा आणि मला जाऊ द्या. काही निघालं तर पहिली मी आहेच. नाही निघालं तर पुण्याची माणसं घाटातूनच परत जातील, रात्रभर तुम्हाला इथं भिजत बसावं लागणार नाही, आणि परवा झेंडा वेळेवर लागेल."

फौजदार खिडकीपाशी गेला. गेटावरची गर्दी वाढतच होती. तो नवीन होता. बाहेरच्या गर्दीची त्याला भीती वाटत होती, वरिष्ठांचीही, आणि या पोरीच्या सरळ नजरेचीही.

"साहेब," निकम म्हणाले, "बॉम्ब ठेवणारी बाई चौकीत उभं राहून 'मला तुम्ही म्हणा' म्हणत नाही. एवढी वर्षं नोकरी झाली माझी, सांगतो."

फौजदारानं एक कोरा कागद पुढं सरकवला. मग म्हणाला, "लेखी द्यावं लागेल, स्वतःच्या जबाबदारीवर म्हणून." जबीननं तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. त्याखाली मीही सही केली.

"मॅडम, तुम्ही नाही!"

"दगड एकटीला निघत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

गेटापासून चौथऱ्यापर्यंतची ती हिरवळ आम्ही शंभरदा तुडवली असेल. त्या दिवशी ती संपता संपेना. मागं साखळीच्या पलीकडे सगळं गाव चिडीचूप. छत्र्यांवर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येत होता. जबीन ताठ मानेनं चालत होती. अर्ध्या वाटेवर तिनं ओठ न हलवता विचारलं, "हर्षू, मी नीट चालतेय ना?"

"छान चालतेयस."

"मला माझे पायच जाणवत नाहीयेत."

मी तिचा हात धरला. चुन्यानं आणि पावसानं तो गार पडला होता.

दगड आम्ही दोघींनी ओढला. डबा मी बाहेर काढला, कारण तिची बोटं चिकटपट्टीवर नुसतीच घसरत होती. टोक सापडेना तेव्हा मी दातांनी पट्टी तोडली. प्लास्टिक सोडलं, झाकण उघडलं. निळं शाईचं पॅड, कोरी वही, आणि तिनं कोरलेला ठसा. तो मीही तोवर पाहिला नव्हता. एक उघडी छत्री आणि तिच्याखाली चार पाय.

मी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि गेटाच्या दिशेनं तिरका केला. सगळ्यांना आतलं दिसावं म्हणून.

फौजदार धावतच आला. आत पाहिलं, वही झटकून पाहिली, पॅड हुंगलं. ठसा उचलून बराच वेळ उलटासुलटा केला.

"हे हातानं कोरलंय?"

"हो, साहेब. खोडरबरावर," जबीन म्हणाली. तिचे गाल आता ओले होते आणि तो नुसता पाऊस नव्हता.

"उमटतं कसं?"

तिनं ठसा पॅडवर दाबला आणि त्याच्या पुढ्यात धरला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, आणि वहीऐवजी आपलं मनगटच पुढं केलं. छत्री आणि चार पाय, निळ्या शाईत, झकास उमटले.

पुढचं कुणी ठरवलं नव्हतं. निकमांनी साखळी काढली आणि लोक आत आले. आधी एक लहान मुलगी आली, आईचा हात सोडून. तिला मनगटावर ठसा हवा होता. मग तिची आई, मग भेळवाला. शेलारनंही लाजत लाजत हात पुढं केला, जबीननं त्याच्या दोन्ही हातांवर एकेक उमटवला. "पळालात ते बरोबरच केलंत, मामा," ती म्हणाली. "मी असते तर मीही पळाले असते." पावसात शाई फिसकटत होती, तरी लोक हात आवरून छत्रीखाली घेत होते, बाळाला झाकावं तसे.

जाताना फौजदार म्हणाला, "पुढच्या वेळी डबा ठेवण्याआधी चौकीत सांगून जा तुम्ही दोघी."

"आधी सांगितलं तर लपवायचं काय, साहेब?" जबीन म्हणाली. तेव्हा मात्र तोही हसला.

आम्ही घराकडे निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. दोघी नखशिखांत भिजलेल्या, हात निळे-पांढरे. आमच्या फाटकाशी कराडची गाडी अजून उभी होती.

जबीन फाटकापाशी थांबली. "जा. जमलं तर अजून साडी नेस."

ती नेहमी तिथंच थांबायची. एवढ्या वर्षांत ती फाटकाच्या आत कधी आली नव्हती. आईची रोजची शिवपूजा, सोवळं. जबीनला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती रस्त्यावरून हाक मारायची, मी चपला पायात सरकवून धावायचे. मला वाटायचं, हिला नेहमीच घाई असते.

"आत चल," मी म्हटलं.

"आज नको, हर्षू. पाहुणे आहेत."

"आजच."

मी तिचं मनगट धरलं ते दार उघडेपर्यंत सोडलं नाही. बैठकीच्या खोलीत सगळे होते. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसलेले, मुलगा चष्मा पुसत होता, त्याचे आईवडील कोचावर, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात. आमच्या अंगावरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"ही हर्षदा," अण्णा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी नमस्कार केला आणि काय झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. मुलगा मान वर करून ऐकत होता. त्याच्या आईनं पदर सावरला. "मैत्रिणीचं नाव काय म्हणालात?"

"जबीन अब्दुलगनी मुलाणी. हीच." मी स्टूल पुढं ओढलं. "बस, जबीन."

ती बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि वळून आत गेली. आतून कढईचा आवाज आला, मग तोही थांबला. आता ती बाहेर येणारच नाही, असं मला वाटलं.

कराडहून नंतर निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. मला वाईट वाटलं नाही. पुढं दोन वर्षांनी मी फलटणच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि लग्न मला हवं तिथं केलं. जबीननं साताऱ्यातच क्लास काढला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पोचेपर्यंत तिच्या उशाशी जबीनच बसून होती. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आई बाहेर आली ती एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात पोह्यांची बशी घेऊन. वाफ निघत होती. पाहुण्यांसमोरून ती सरळ पुढं आली आणि टॉवेल जबीनच्या खांद्यावर टाकला.

"आधी डोकं पूस. सर्दी होईल." बशी तिच्या हातात दिली. मग कोचाकडे वळून म्हणाली, "तुम्हाला अजून थोडे वाढू का?"

"नको, नको," कराडच्या बाई म्हणाल्या.

जबीननं एक घास घेतला. सगळं घर तिच्याकडे बघत होतं.

"मीठ बरोबर आहे का गं?" आईनं विचारलं. "आज घाईत केलेत."

जबीननं विचार केला. "थोडं कमी आहे, काकू."

अण्णांनी डोळे मिटले. आई आत जाऊन मिठाची वाटी घेऊन आली, तिच्या बशीवर स्वतःच्या हातानं चिमूटभर भुरभुरवलं आणि म्हणाली, "बघ आता."

"आता झालं," जबीन म्हणाली.

"मग मला का नाही कुणी सांगितलं?" आईनं सगळ्यांकडे पाहत विचारलं, आणि हसली.